फुललं की कळेल

मास्तर, तुम्ही मेलात त्याला नऊ वर्षं झाली. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. माझी आई तर गेलेल्याचं नाव काढताना आवाजसुद्धा खाली घ्यायची. पण मी आज सकाळपासून रागावलेलो आहे आणि ह्या रागाला तुमच्याशिवाय दुसरा धनी नाही. म्हणून लिहायला बसलो. अक्षर वाईट आहे, ओळी खाली उतरतात. ते सुधारायचं काम तुमचं होतं आणि तुम्ही ते अर्ध्यात टाकलंत, तेव्हा चुका काढत बसू नका.

रेवदंड्याच्या एसटी स्टँडवर तुम्ही माझ्या हातात जे झाड दिलं होतं, ते आज फुललं. अकरा वर्षांनी. पाळी संपवून गोदीतून आलो, जिना चढून गच्चीवर गेलो, तर पहिल्या कळ्या उघडल्या होत्या. कुठल्या रंगाच्या ते सांगतो, पण आत्ताच नाही. तुमचं माझं सगळं भांडण त्या रंगावर टांगलेलं होतं, तेव्हा आधी भांडण सांगू द्या. तुम्हाला माहीत आहे ते, पण तुमच्या बाजूनं. माझ्या बाजूनं कुणीच कधी ऐकलं नाही.

आपली शाळा म्हणजे चौलच्या वाड्यांच्या मधे दोन खोल्या आणि एक पडवी. पुढं तुमची बाग, आणि बागेतल्या एकूणएक झाडाच्या गळ्यात पत्रा. तुपाचे रिकामे डबे कापून, खिळ्यानं ठोकून ठोकून तुम्ही ठिपक्यांची अक्षरं काढायचात. वर मराठी, खाली इंग्रजी. जास्वंदीला पत्रा, अडुळशाला पत्रा, तुळशीलासुद्धा पत्रा, जशी काय गावात ती कुणाला ठाऊकच नव्हती. आम्ही मागच्या रांगेतली पोरं म्हणायचो, एक दिवस मास्तर मास्तरीणबाईंच्या गळ्यात पण पत्रा बांधणार. ते तुमच्या कानावर गेलं. आम्हाला वाटलं आता छडी. तर तुम्ही तोंड फिरवून हसलात. पुस्तकातली अक्षरं माझ्या डोळ्यांपुढं मुंग्यांसारखी पळायची, पण पत्र्यावरची अक्षरं बोटानं चाचपता यायची. मी वाचायला शिकलो तो त्या पत्र्यांवर. मधल्या सुट्टीत एकेका झाडापुढं उभा राहून ठिपके चाचपत वाचायचो, आणि तुम्ही पडवीतून बघत असायचात, हे मला ठाऊक होतं. तुम्ही बघताय म्हणून मी जास्त वेळ उभा राहायचो. म्हणजे मी काही तुमचा दुश्मन म्हणून जन्माला आलो नव्हतो.

बाप माझा दुसऱ्यांच्या वाड्यांतून नारळ-सुपारी उतरवायचा. आमच्याकडं आंब्यावर उगवतं आणि आंबा नसतं ते सगळं बांडगूळ. पान जाड असो की पातळ, त्याला फूल येवो की न येवो, त्याचं नाव एकच आणि त्याचं करायचंही एकच. पावसाळ्याच्या आधी कोयती घेऊन वर चढायचं, फांद्या खरवडून काढायच्या, खाली ढीग करायचा आणि तो जाळायचा. बाप म्हणायचा, "झाडाच्या अंगावर दुसऱ्याचा संसार नको." त्यातल्या एखाद्याला गुलाबी ठिपक्यांचा लांब लोंबता तुरा आला तर बायका त्याला सीतेची वेणी म्हणायच्या, अंबाड्यात माळून देवळात जायच्या, आणि पुढच्या वर्षी त्यांचेच नवरे तीच वेणी मुळासकट खरवडून जाळायचे. ह्यात काही चुकतंय असं कुणाच्या मनात आलं नाही. तुमच्या आलं असेल. पण तुम्ही ते पत्र्यावर ठोकत बसलात, कुणाला तोंडानं सांगितलं नाहीत.

चौथीच्या परीक्षेला आठ दिवस होते. तुम्ही कागद आणायला अलिबागला गेला होतात आणि आम्हाला सुट्टी होती. शाळेच्या मागचा तो रायवळ आंबा दोन वर्षं धरला नव्हता. मी बघायचो तर वरच्या फांद्या बांडगुळानं भरलेल्या. मनात आलं, मास्तरांना झाडं एवढी आवडतात, आणि त्यांच्याच आंब्याची ही दशा. बापाची धाकटी कोयती घेतली आणि चढलो. खोडाला तुमचा पत्रा होताच, त्यावर लांबलचक इंग्रजी नाव. मला वाटलं आंब्याचं असेल. आता मला सांगा, फांदीवरच्या झाडाचा पत्रा तुम्ही खोडाला का ठोकलात? फांदीला तार बांधून लटकवायला काय झालं होतं? अकरा वर्षांचं पोर, त्याला इंग्रजी येत नाही, त्यानं काय समजायचं? तीन तास मी तो आंबा साफ केला. न्हाव्यानं डोकं केल्यासारखा चकचकीत केला. खाली ढीग लावला, तुम्हाला दाखवून मग काडी लावावी म्हणून तो जाळला नाही, आणि पायरीवर तुमची वाट बघत बसलो. अंगभर ओरखडे आणि लाल मुंग्या चावलेल्या, आणि मी खुशीत.

तुम्ही आलात, हातातली पिशवी तशीच ठेवून ढिगापाशी बसलात आणि हातानं उचकायला लागलात.

"कुणी केलं हे?"

"मी, मास्तर. आंबा मोकळा केला. फुडल्या साली लगडंल बघा."

तुम्ही एक तुकडा उचललात. पानं लोंबत होती, मुळं तुटलेली. म्हणालात, "पांढरी होती ही. एक ठिपका नव्हता हिच्यावर. गेल्या वर्षी सुट्टीत फुलली तेव्हा मी एकट्यानं बघितली. अख्ख्या जिल्ह्यात दुसरी नाही. जूनमधे मुंबईच्या कॉलेजातून माणूस येणार होता हिला बघायला."

मला जे ठाऊक होतं ते बोललो. "मास्तर, बांडगूळ व्हतं त्ये."

त्या एका वाक्यावर छडी मोडली. दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळेपुढं मला उभं केलंत, तो तुकडा माझ्या हातात दिलात, आणि पोरांना सांगितलंत की अडाणीपणा म्हणजे काय ते बघून घ्या. पोरं हसली. त्यातली निम्मी रोज आपापल्या बापाबरोबर तेच करत होती. मग हजेरीच्या वहीत माझ्या नावावर रेघ मारलीत. ती रेघ मला उलटी दिसत होती, मी समोर उभा होतो.

संध्याकाळी बाप तुमच्या दारात आला. मला बरोबर घेऊन. हातात चार शहाळी. तो तुमच्यापुढं पायरीच्या खाली उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, पोराला काय ठावं? आमीच शिकिवलंय त्याला तसं. मारायचं तर मला मारा, पन परीक्षेला बसू द्या." तुम्ही आरामखुर्चीतून उठला नाहीत. म्हणालात, "मारून काय होणार? हे हात कोयतीलाच बरे आहेत. पाटीवर कशाला वाया घालवता?"

आणि बाप म्हणाला, "व्हय जी."

मास्तर, तुमचं वाक्य मी कधीतरी विसरलो असतो. बापाचं ते "व्हय जी" विसरता येत नाही. शहाळी तुमच्या पायरीवर ठेवून आम्ही निघालो. वाटेत तो पुढं, मी मागं. मग म्हणाला, "झालं त्ये बरं झालं. घरात दोन कोयत्या हायेत. उद्यापासून माझ्यासंगं चल." आई चुलीपाशी बसून तुम्हाला शिव्या घालत होती. "जल्लं मेलं त्याचं झाड! पानासाठी पोर टाकलं!" बापानं तिला गप्प केलं. आमच्या घरात तुमच्याविरुद्ध बोललेलं ते तेवढंच. मी ते जपून ठेवलंय.

पुढं पाच वर्षं मी सुपारीच्या पोफळी चढलो. ज्या वाटेनं माझ्याबरोबरची पोरं शाळेत जायची त्याच वाटेवरच्या वाडीत, त्यांच्या डोक्यावर. वरून मला त्यांचे भांग दिसायचे. पाच वर्षांत तुमचा एक निरोप आला नाही. बापाबरोबर नारळ टाकायला तुमच्या मागच्या दारी यायचो तर तुम्ही पुढच्या पडवीत जायचात. मागच्या पडवीत काथ्यानं बांधलेली लाकडं टांगलेली असायची, त्यांना काहीबाही हिरवं. पत्रे वाचायची सवय मी मोडून टाकली होती, म्हणून तिकडं बघितलं नाही. आज वाटतं, बघायला पाहिजे होतं.

सोळा सरली आणि मी ठरवलं, मुंबई. रेवसच्या लाँचला जायचं म्हणून रेवदंड्याला एसटीची वाट बघत उभा होतो. गाडी येऊन लागली तेवढ्यात तुम्ही दिसलात. घाम आलेला, श्वास लागलेला, काखेत छत्री आणि हातात सुपारीच्या विरीत, म्हणजे झावळीच्या बुडाच्या जाड सालीत, गुंडाळलेलं काहीतरी. कुणी सांगितलं तुम्हाला मी जातोय ते, कुणास ठाऊक. तुम्ही ते माझ्या हातात कोंबलंत.

"घे. सांभाळ."

मी विरी उचकून बघितली. लाकडाचा तुकडा, त्याला चिकटलेली जाडजाड मुळं, वर पाचसहा पट्ट्यांसारखी पानं. मी विचारलं, "काय हाय ह्ये?"

तुम्ही म्हणालात, "फुललं की कळेल."

कंडक्टरनं घंटी दिली. मी आत चढलो. गाडी सुटली तरी तुम्ही तिथंच उभे होतात, आणि मी सगळं लाकूड उलटंपालटं करून पत्रा शोधत होतो. पत्रा नव्हता. तुळशीला पत्रा लावणारा माणूस, आणि मला दिलेल्या झाडाला नाव नाही. मला वाटलं, ह्याच्या लेखी मी वाचण्याच्या लायकीचाच उरलेलो नाही. खाडीत भिरकावणार होतो, पण मधे पुष्कळ माणसं होती आणि खिडकी लांब होती.

मग ते माझ्याबरोबर फिरत राहिलं. मुंबईत मी ते डब्यात माती घालून लावलं, कारण झाड म्हटलं की माती. महिन्याभरात मुळं काळी पडून वास यायला लागला. तेव्हा हातांना आठवलं, डोक्याला नव्हे, की फांदीवरचं मातीत जगत नाही. उपटलं, धुतलं, जुन्या वल्ह्याचा तुकडा मिळाला त्याला सुतळीनं बांधलं आणि खिडकीच्या गजाला टांगलं. खोलीतले गडी म्हणायचे, "ह्याची बायको लटकतेय बघ, ना स्वयंपाक करत ना भांडत." मुंबईत फोरमनशी वाजलं, सोडलं. मध्य प्रदेशात लोखंडाचा कारखाना उभा राहत होता, तिथं गेलो. तिथल्या उन्हानं त्याची दोन पानं वाळून गेली, मी ओलं फडकं गुंडाळून ठेवायचो. तिथंही मुकादमाच्या अंगावर धावून गेलो, तेही सुटलं. गोवा सुटलं त्या साली कलकत्त्याला आलो. हे असं आहे माझं. कुणी वर खुर्चीत बसून हातांविषयी काही बोललं की माझं डोकं फिरतं. ती सवय कुणाची देणगी, ते तुम्हाला सांगायला नको.

गोदीत माल मोजून लिहिणाऱ्या कारकुनाची जागा दोनदा रिकामी झाली. साहेब मला ओळखतो, माझं डोकं चालतं हे त्याला ठाऊक आहे. दोन्ही वेळा त्यानं एकच विचारलं, "फायनल पास आहेस का?" सातवी. मी चौथी नापाससुद्धा नाही. मी चौथीला बसलोच नाही. दोन्ही वेळा मी परत जहाजाच्या पोटात उतरलो. तिथं हात चालतात, कोयती नसली तरी.

तुम्ही गेल्याचं मला बापाच्या पोस्टकार्डानं कळलं, मध्य प्रदेशात असताना. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. गाय व्याली, पाऊस बरा आहे, आईचा गुडघा दुखतो, मास्तर वारले. गायीनंतर तिसऱ्या ओळीत. मी ते वाचलं आणि पहिली गोष्ट मनात आली ती ही की आता हे झाड कसलं ते विचारायला माणूस उरला नाही. रडूबिडू आलं नाही. चीड आली. कोडं घालून माणूस उठून गेला.

गेल्या पावसाळ्यात इथल्या रथाच्या जत्रेला गेलो होतो. त्या जत्रेत झाडांचा बाजार भरतो. एका म्हाताऱ्याच्या मांडवात आसामच्या रानातून आणलेल्या जुड्या टांगल्या होत्या, आणि पानं बघतो तर माझ्याच झाडाची. तशीच पन्हाळीसारखी, टोकाला कुरतडल्यासारखी. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून झाड काखेत मारलं आणि त्याच्या बागेत गेलो. म्हाताऱ्यानं चष्मा लावला आणि नावाची चिठ्ठी शोधली.

"टिकट किधर है इसका?"

"टिकट नहीं है."

"दिया किसने?"

"मास्टर ने."

"मास्टर होके टिकट नहीं लगाया?" म्हातारा असा हसला की मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. इतक्या वर्षांत माझ्या बाजूनं बोललेला तो पहिला माणूस. मग म्हणाला, "फूल दिया कभी?" मी म्हटलं नाही. "देगा कैसे? खिड़की के अंदर रखते हो. ये घर की बहू नहीं है, भाई. बाहर निकालो, धूप दिखाओ."

त्यानं सांगितलं की आसामकडं पोरी त्यांच्या वसंतातल्या सणाला हे केसांत माळतात. म्हणजे आमची सीतेची वेणीच. मी विचारलं, हे झाडाचा रस पितं ना? म्हातारा माझ्याकडं बघतच राहिला. "किसने बोला? ये पेड़ का कुछ नहीं खाता. सिर्फ बैठता है." माझा बाप, त्याचा बाप, सगळी वाडी, पावसाळ्याआधी वर चढून कुणाला खरवडत होती? नुसतं बसलेल्याला.

निघताना त्यानं एक मूळ उचलून डोळ्याजवळ नेलं. बाजूच्या जुडीतलं एक दाखवलं. त्याच्या मुळाचं वाढतं टोक तांबूस होतं. माझ्याचं हिरवंगार. जिथं अंगात लालीच नाही, म्हणाला, तिथं फुलावर ठिपका कुठून येणार? "शायद सफेद देगा. हजारों में एक निकलता है. बेचोगे?"

मी म्हटलं, "पक्का सफेद?"

"फूलेगा तो मालूम पड़ेगा."

मास्तर, त्या म्हाताऱ्याचं वय होतं म्हणून वाचला.

त्या दिवसापासून मी माझ्या मनाशी खटला चालवत होतो. जर ठिपक्यांची फुलं आली, गुलाबी, चारचौघींसारखी, तर हे कुठल्याही आंब्यावरचं साधं झाड. पोर गाव सोडून चाललंय, म्हणून तुम्हाला वाईट वाटलं, मिळालं ते उचलून दिलंत. तसं असेल तर मी तुम्हाला सोडून देणार होतो. खरंच. मनातल्या मनात शब्द दिला होता. पण जर पांढरं आलं तर ते तेच. कारण दुसरं नाही, हे तुमच्याच तोंडचं वाक्य.

गच्चीवर चटईच्या आडोशाला टांगलं. उन्हाळ्याच्या तोंडाला पानांच्या बेचक्यातून बोटासारखं काहीतरी बाहेर आलं आणि खाली वळलं. रोज लांब होत गेलं. कळ्या गच्च दाटलेल्या, हिरवट, काही सांगेनात. आज सकाळी वरच्या वीसपंचवीस उघडल्या.

पांढऱ्या आहेत. दुधासारख्या. मी प्रत्येक फूल नखानं उचलून आत बघितलं. ठिपका नाही.

मग लाकूड सोडून खालचं जुनं वाळकं बूड बघितलं. त्यावर तिरपा घाव आहे, भरून आलेला, काळा पडलेला. उजवीकडून डावीकडं चढणारा. मी डावखुरा आहे.

म्हणजे ती मेली नव्हती. मी ढीग जाळला नव्हता, तुम्ही त्यातला तुकडा उचललात, शाळेपुढं माझ्या हातात देऊन मिरवलात, आणि मग घरी नेऊन काथ्यानं लाकडाला बांधलात. ही जात एका पावसात मुळं धरते, हे आता मला म्हाताऱ्याइतकंच कळतं. दसऱ्याच्या आत तुम्हाला ठाऊक झालं होतं की ती जगली. मग माझा गुन्हा कुठं राहिला? झाड जिवंत, आंबा जिवंत, तुम्ही जिवंत. मेलं काय, तर माझी चौथी. ती रेघ खोडायला किती शाई लागली असती? ती पांढरी तुमच्या मागच्या पडवीत पाणी पीत होती, फुलतही असेल, तुम्ही एकटेच बघत असाल पहिल्यासारखे, आणि मी पुढच्या वाडीत माकडासारखा लोंबकळत होतो. पाच वर्षं तुम्ही रोज सकाळी उठून तिला बघितलंत. रोज. एकदा तरी माझी आठवण न होता तिला पाणी घातलंत का? आणि आठवण होत होती तर तुमचं काळीज कशाचं होतं?

आणि पत्रा का नव्हता तेही आज कळलं. मला वाचता येत नाही म्हणून नव्हे. येत होतं म्हणून! वर मराठीत नुसतं "पांढरी" एवढं जरी ठोकलं असतंत तरी मी स्टँडवर, तुमच्यादेखत, बोटानं चाचपून वाचलं असतं. मग तुमच्या तोंडाकडं बघून विचारलं असतं, मास्तर, ही तीच ना? आणि तुम्हाला उत्तर द्यावं लागलं असतं, माझ्यापुढं, बापाच्या त्या "व्हय जी"पुढं. ते तुम्हाला नको होतं. म्हणून फुललं की कळेल. म्हणजे मी शंभर कोस लांब गेल्यावर, तुम्ही राख झाल्यावर, निवांत कळेल. जगात ज्यानं गवतालासुद्धा नाव दिलं त्याला "चुकलो" हा एक शब्द ठोकता आला नाही. स्वतःची लाडकी वस्तू देऊन टाकली की झालं का? मला वस्तू नको होती, मास्तर. मला पाटी पाहिजे होती.

खोलीतला एक जण वर आला होता. म्हणाला, "केवढं सुंदर आहे रे! कुणी दिलं?" मी म्हटलं, "चोरानं." तो हसत खाली गेला. म्हातारा ऐकेल तर पळत येईल, मागेन ते देईल. नाही देणार. आणि गंगेतही टाकणार नाही, सकाळी दोनदा कठड्यापर्यंत नेऊन परत आणलंय. ही भानगड तिच्यात आणि माझ्यात नाही.

हे कुठं पाठवायचं नाही. तुमच्या घरात मास्तरीणबाई असतील अजून, त्यांच्या हाती हे पडावं असं मला वाटत नाही, त्यांनी मला मागच्या दारी कधी कधी पोहे दिलेत. आणि पाठवायचं नाहीच, म्हणून तुमचा एक निरोप आला नाही असं वर खोटं लिहिलंय ते नीट करतो. ते मी बापालासुद्धा सांगितलेलं नाही.

माझ्या नावावर रेघ मारलीत त्याच वर्षी, दिवाळीच्या थोडं आधी, आम्ही देवळामागच्या वाडीत सुपारी उतरवत होतो. पोफळी चढणारा गडी दर झाडाला खाली उतरत नाही. शेंड्याशी बसून झोका घ्यायचा, झाड वाकतं, मग शेजारच्या झाडाला हात घालून पलीकडं जायचं. मी ते नुकतंच शिकलो होतो. खालून माझ्या नावाची हाक आली. बघितलं तर तुम्ही. एकटे. बाप वाडीच्या दुसऱ्या टोकाला, उतरवलेल्या सुपारीच्या राशीपाशी, तुम्हाला येताना त्याच्याच अंगावरून यावं लागलं असणार. तुम्ही परत हाक मारलीत आणि म्हणालात, "खाली ये रे जरा." शाळेतला आवाज नव्हता तो. मी खोडाला पाय आवळून बसलो, उतरलो नाही. तुम्ही डोळ्यांवर हात धरून वर बघत राहिलात. मग मी झोका घेतला आणि पुढच्या पोफळीवर गेलो. तिथून त्याच्या पुढच्या. तुम्ही मान वर करून तीनचार झाडं माझ्याखालून चालत आलात, पाण्याच्या पाटात पाय पडला तुमचा, आणि मग थांबलात. मी कुंपणापर्यंत गेलो तेव्हा मागं वळून बघितलं. तुम्ही परत निघाला होतात.

नारळ पाठवायला सांगायला आला असाल, असं मी तेव्हा मनाशी ठरवलं आणि आजपर्यंत तेच धरून बसलोय. नारळ सांगायचे असते तर तुम्ही बापाला हाक मारली असती, हे मला झाडावर असतानाच कळलं होतं.